वेर्ख

आमच्या स्वयंपाकघराची भिंत उलटी होती.
हे फक्त बाबांना ठाऊक होतं
आणि रिटायर होईपर्यंत
त्यांनी ते कुणाजवळ काढलं नाही.

कांजूरला, खाडीच्या अंगाला,
कामगार वसतिगृह क्रमांक चार.
तिथल्या भिंती कुणी बांधल्या नाहीत. त्या आल्या.
ट्रेलरवर, उभ्या, दोर आवळलेल्या,
रुखवतातल्या कपाटासारख्या,
खिडकीचं भोक आधीच पाडून.

भिंत ओतायची कशी हे शिकायला
बाबा एकाहत्तरला ताश्कंदला गेले. अकरा महिने.
येताना कान झाकणारी टोपी आणली,
जिच्यात आई पुढे लसूण ठेवायची,
आणि चार-पाच शब्द.
गालिना नावाची फोरमन त्यांना म्हणालेली,
प्रत्येक भिंतीवर रंगानं लिही, वरची बाजू कुठली,
क्रेनवाला नकाशा वाचत नसतो.
बाबा इथंही लिहीत राहिले, तिच्याच लिपीत.
इथला क्रेनवाला भिकाजी साटम.
त्याला ते नक्षीकाम वाटायचं.

मी आणि प्रभंजन, ओट्याखाली, सिलिंडरच्या मागं
चुना खरवडत होतो तेव्हा ती अक्षरं निघाली.
डोकं जमिनीला, पाय ओट्याला लावून
मी वाचली: बी, ई, पी, एक्स.
बेपेक्स!
लंगडीत आऊट झालं की बेपेक्स,
ताटात दुधी पडला की बेपेक्स.
बाबा ऐकायचे
आणि पाण्याचा तांब्या जरा जास्तच वेळ
तोंडाला लावून धरायचे.

आई भिंतीशी भांडायची.
खिडकीच्या कडेची पन्हळ
पाणी बाहेर टाकायचं सोडून आत घ्यायची.
तुळपुळ्यांकडे कोरडं, मस्कारेन्हस बाईंकडे कोरडं,
आमच्याच पिठाच्या डब्याखाली फडकं.
बाबा दर मे महिन्यात स्टुलावर चढून
सांध्यात डांबर भरायचे, मुकाट,
चूक आपलीच असल्यासारखे.

होतीच.
साच्यातून काढताना वरचा एक हुक तुटला.
मंत्र्यांची तारीख आठ दिवसांवर.
साटम म्हणाला, खालच्या अंगाला दोन आहेत की साहेब.
बाबांनी मान हलवली.
पुढे खोल्या वाटायची वेळ आली
तेव्हा चौथ्या मजल्यावरची तीच
त्यांनी मागून घेतली.

हे सांगितलं निवृत्तीच्या दिवशी,
गळ्यात हार असतानाच.
वेर्ख म्हणजे वर, म्हणाले.
आईनं लसणासकट टोपी फेकून मारली.
मग बराच वेळानं, पाकळ्या गोळा करताना,
म्हणाली, तरीच खिडकी वीतभर खाली आहे.
तरीच पोरांना स्टूल न घेता खाडी दिसायची.

गेल्या मार्चमध्ये वसतिगृह उतरवलं.
पाडलं नाही, सांध्यासांध्यातून सुटं केलं,
बाबांच्या डांबराला कटर चिकटत होता.
सह्या करून झालेले आम्ही
पलीकडे पत्र्याशी उभे होतो.
ज्या दोन हुकांवर ती बसवली होती
ते गंजून हातात आले.
मग जमिनीत पुरलेला तो तिसरा सापडला,
वापरायचा राहून गेलेला.
साखळी त्यालाच लावली.

भिंत सुटली, लटकली,
आणि हवेत, फार सावकाश,
कुशीवर वळल्यासारखी वळली.
फोडणीचे डाग खाली गेले.
अक्षरं वर आली,
एकाच हुकामुळे थोडी तिरकी,
पण सुलटी.
मी डोकं जमिनीला न लावता वाचली.

ट्रकवाला पोरगा, आझमगढचा, शेजारी येऊन थांबला.
काय लिहिलंय ते?
वर, मी म्हटलं.
त्यानं वर पाहिलं.